घर दाखवायचंय, अक्काला बोलवा

आमच्या आळीत कुणाचं घर विकायला निघालं की पहिला सांगावा दलालाकडं जायचा नाही, अक्काकडं जायचा. "अक्का, बाजारच्या दिवशी माणसं बघायला येणार आहेत, जरा येऊन जा." मुलगी दाखवायची असली की वेणी घालायला, पदर सारखा करायला, 'मान वर करून बोल गं' म्हणायला एखादी जाणती बाई लागते की नाही? तशी अक्का घरांना लागायची.

बारामतीत ते दिवसच तसे होते. माळेगावला साखर कारखाना उभा राहत होता, कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि भाजीपाला हिरवागार होता, आणि खेड्यातल्या बागाईतदारांना पोरांच्या शाळेसाठी गावात घर हवं होतं. इकडं गावातली शिकलेली पोरं पुण्या-मुंबईला नोकऱ्या धरून बसली होती आणि आईबापांना तिकडं ओढत होती. एकाला यायची घाई, दुसऱ्याला जायची घाई, आणि दोघांच्या मधे आमची अक्का.

मी लग्न होऊन या आळीत आले. आमचे हे शाळेत मास्तर. आमच्या आणि अक्काच्या घरात एकच भिंत. टांग्यातून सामान उतरतंय तोवर ही बाई सरळ दारात आली. उंच, सरळ पाठीची, रुपयाएवढं कुंकू, नऊवारीचा काष्टा असा चापून बसवलेला की मलाच माझी साडी सुटल्यासारखी वाटायला लागली. उंबऱ्यात उभी राहून तिनं डोळे मिटले आणि वास घेतला. मग म्हणाली, "ही ट्रंक दारासमोर नको ठिवू. येणाऱ्याला वाटतं, घरची बाई जायच्या तयारीत हाय."

मी नवी नवरी असले तरी जिभेनं काही नवी नव्हते. म्हटलं, "माझी ट्रंक आहे आणि माझं घर आहे."

"बरं," म्हणाली आणि हसत निघून गेली. संध्याकाळी मी ट्रंक आतल्या खोलीत नेली. दुसऱ्या दिवशी तिनं ते बघितलं आणि एक शब्द बोलली नाही. माझा राग तिथंच निम्मा उतरला, आणि उरलेला तिच्या हातचं शेंगदाण्याचं कालवण खाऊन गेला.

तिचं स्वतःचं घर माळवदाचं, सपाट मातीच्या छताचं, दगडमातीचं, लहानसं. मागं परसदारी शेवग्याचं झाड आणि रिकामा गोठा. माजघरातून स्वयंपाकघरात जायचं दार मात्र फार ठेंगणं. पहिल्याच दिवशी मी तिथं कपाळ आपटून घेतलं. अक्कानं टेंगळावर साखर दाबली आणि म्हणाली, "आमच्या घरात शिरायचं तर मान घालूनच शिरावं लागतं, मास्तरीण." ती स्वतः एवढी उंच, पण त्या दारातून दिवसभर ये-जा करायची, हातात परात असो की डोक्यावर हंडा. बोलता बोलता मान जराशी कलायची आणि चौकट मागं पडायची. तिला ते कळतसुद्धा नसावं.

नाना, म्हणजे तिचा नवरा, बाजारात तोलणार म्हणून कामाला होता. गुळाच्या ढेपी तोलायचा. अक्काच्या खांद्याला लागेल एवढा माणूस. त्याला त्या दारात वाकावं लागायचं नाही, आणि त्याला त्याचा अभिमान होता. "हे घर माझ्या मापानं बांधलंय," म्हणायचा. "ही नंतर आली." एरवी तो फार बोलायचा नाही. अक्का कुणाचं घर लावायला निघाली की ओट्यावरून म्हणायचा, "एकदा मलाबी लावून ठिव की. बघू कोण घेतंय."

"तुमाला कोण घेणार? दाढी करा आधी," म्हणत ती पुढं जायची.

आता घर लावायचं म्हणजे काय करायची, ते सांगते. लोक घर विकायला काढलं की सामान बांधायला लागतात. भांडी पोत्यात, फडताळं रिकामी, भिंतीवर नुसते खिळे. अक्का चिडायची. "रिकामा खिळा दिसला की माणूस इचारतो, हितं काय होतं. मग इचारतो, का काढलं. मग इचारतो, तुमी जाताय का." तिच्या मते घर घ्यायला येणाऱ्याच्या मनात भीती एकच असते. ही माणसं जातायत का? घर लाभलं नाही म्हणून तर नाही? कुणी गेलंय का इथं, कुणाचा संसार मोडलाय का? ती भीती तोंडानं सांगून जात नाही. ती जायला घर भरलेलं दिसावं लागतं. खिळ्याला ती टोपी अडकवायची. दाराशी लहानमोठ्या चपला मांडायची. अडगळ मात्र सगळी माळवदावर. जमीन सारवून, उंबऱ्याला हळदकुंकू, आणि माजघराच्या तुळईला पाळणा.

पाळणा तिचा स्वतःचा होता. सागवानी, नानानं हौसेनं करून घेतलेला. त्यात मूल आलं होतं, पण राहिलं नाही. नंतर आलंच नाही. दुसरी एखादी असती तर पाळणा कुणाला तरी देऊन मोकळी झाली असती. अक्का तो घरोघर घेऊन जायची. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाली, "आमच्यात रिकामाच लोंबला असता. असा निदान फिरतोय तरी." आणि भांडी घासायला लागली. मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

पण तिची खरी युक्ती दुधाची. बघायला येणारी माणसं ओट्यावर टेकली, त्यांना पाणी दिलं, की आत चुलीवर दुधाचं भांडं चढायचं. माणसं माजघर बघून स्वयंपाकघरात येईपर्यंत दूध बरोबर वर यायला लागायचं. घरच्या बाईला तिनं आधीच सांगून ठेवलेलं असायचं, की तू हलायचं नाहीस, जाळ बघत उभी राहा. मग काय व्हायचं? दूध उतू जाताना बघून कुठली बाई गप्प उभी राहील? आलेल्या बायकांपैकी एक जण "अगं बाई" म्हणत पुढं व्हायची आणि पदरानं भांडं उतरवायची. अक्का मागच्या दारातून बघत असायची. म्हणायची, "जिनं भांडं उतरवलं तिनं घर घेतलं म्हणून समज. चुलीला हात लागला न्हवं तिचा."

आणि घ्यायची हो तीच. मी डोळ्यांनी बघितलंय.

याला कुणी फसवणूक म्हणेल. आमचे हे म्हणायचेच. पण अक्काचा एक नेम होता. नटवायचं वाटेल तेवढं, पण कुणी समोर येऊन विचारलं तर खरं सांगायचं. आळीच्या टोकाला एका कारकुनाचं घर होतं. त्याची बदली झाली, घर विकायला काढलं. त्या घराची मागची भिंत पावसाळ्यात ओल धरायची. अक्कानं सगळं घर लावलं, त्या भिंतीवर मात्र काही टांगलं नाही. बघायला आलेला माणूस नेमका तिथं थांबला. "ओल येते का हो?"

"छे छे, ठणठणीत कोरडी," कारकून म्हणाला.

आतून अक्काचा आवाज आला, "आषाढात हात लावून बघा. गार लागती."

कारकुनाचा चेहरा बघण्यासारखा झाला. माणूस गेल्यावर तो अक्कावर जे काही उखडला ते सगळ्या आळीनं ऐकलं. अक्का शांतपणे पाळण्याचे दोर सोडत होती. चार दिवसांनी तोच माणूस परत आला आणि त्यानं तेच घर घेतलं. म्हणाला, जिथं भिंतीचं खरं सांगतात तिथं बाकीचंही खरं असेल. कारकुनाच्या बायकोनं अक्काची खणानारळानं ओटी भरली. अक्का याहून जास्त कुणाकडून काही घ्यायची नाही. भरल्या ओटीनं घरी आली की नानापुढं उभी राहायची आणि तो म्हणायचा, "विकलं का?" जणू काही तिनं बाजारात वांगी विकली.

"नटवायचं, पर खोटं न्हाय बोलायचं," ती मला शिकवायची. "नटलेल्या पोरीला वय इचारलं तर ती सांगतीच की."

"कुठं सांगती?" नाना ओट्यावरून पुटपुटायचा.

तो नाना एके दिवशी बाजारात काट्यापाशी बसला आणि उठलाच नाही. आजार नाही, दुखणं नाही. हमालांनी उचलून आणला. पुढचं मी सांगत नाही, ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून काय उपयोग. एवढंच सांगते, की दिवस झाल्यावर मी तिच्याकडं गेले तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती आणि तिचं कपाळ इतकं मोठं दिसत होतं की मला आधी ती ओळखूच आली नाही.

त्यानंतर तिला कुणी घर लावायला बोलावलं नाही.

कुणी तसं तोंडानं म्हणालं नाही. वाईट बोलणारी माणसं नव्हती ती. पण ज्या घरात भीती घालवायची तिथं मोकळ्या कपाळाची बाई कोण उभी करणार? तोवर तिचं सगळं कसब त्या कुंकवाच्या पाठीमागं चालायचं, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पलीकडच्या आळीत एक घर निघालं, तेव्हा तिथली बाई आमच्या देखत अक्काच्या दारात आली. आत पाऊल टाकलं नाही. "अक्का, पाळणा तेवढा द्याल का? तुम्ही नका येऊ, तुम्ही दमला असाल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात अक्का उठली. पाळणा काढला, दोर धुऊन वाळत घातले, वाळल्यावर घडी करून दिले. वर म्हणाली, "डाव्या दोराची गाठ सैल पडती, बघून बांधा."

ती बाई गेल्यावर मी म्हटलं, "का दिलात?"

"मग काय करायचं त्येचं हितं?" एवढंच.

मग मधुकर आला. नानाच्या थोरल्या भावाचा मुलगा, पुण्याला नोकरीला. घर नानाच्या वडिलांचं, कागदोपत्री ते मधुकरकडं गेलं होतं. मधुकर वाईट असता तर फार बरं झालं असतं. मी त्याच्याशी कडाकडा भांडले असते. पण तो पाया पडला, खाली बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "काकूंनी इथं एकटीनं का राहायचं? आमच्याकडं येऊ देत. घर विकून टाकू." आळीतले सगळे मान हलवायला लागले. गुणी पुतण्या म्हणाले. आमचे हेसुद्धा. काकूला मात्र कुणी विचारलं नाही, आणि काकू भिंतीला टेकून, आपल्या नव्हे दुसऱ्याच कुणाच्या घराची गोष्ट चालल्यासारखी ऐकत होती.

बघायला पहिलं गिऱ्हाईक आलं ते इंदापूरकडचं. अक्कानं घर लख्ख केलेलं. इतक्या वर्षांची सवय, पावलं वाजली तशी ती दारात येऊन उभी राहिली. पुढं जी बाई होती तिनं तिच्या कपाळाकडं बघितलं. मग आत, पलीकडच्या आळीतून परत आलेल्या रिकाम्या पाळण्याकडं बघितलं.

"पोरंबाळं?"

"न्हाईत."

"आन् मालक?"

"गेले."

खोटं तर ती बोलणार नव्हतीच. ती माणसं पाणीसुद्धा न पिता वळली. गल्लीत जाता जाता त्या बाईचं बोलणं मी माझ्या खिडकीतून ऐकलं, म्हणजे अक्कानं ऐकलंच असणार. "लाभत न्हाय त्ये घर. बाईकडं बघितलं न्हाय का?"

बोलणं बाजारात फिरायला वेळ लागत नाही. दुसरे कुणी यायचे होते, त्यांनी परस्पर निरोप धाडला, नको म्हणून.

मला मनातून बरंच वाटलं. विकेना का ते घर. विकलं नाही तर अक्का इथंच राहील, भिंतीपलीकडं. मी तसं म्हणायला गेले तर ती चुलीपुढं बसली होती, चूल विझलेली. मी तिला रडताना कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशीही ती रडत नव्हती, पण आवाज तिचा नव्हता.

"घर लाभलं न्हाय म्हंत्यात गं. त्येंना काय ठावं? नाना आनि मी हितं राहिलो. भांडलो, हसलो, उपाशी झोपलो, पुरनाच्या पोळ्या खाल्ल्या. त्ये काय लाभनं न्हवं?" मग म्हणाली, "घर जायचंच हाय. मधू ऐकनार न्हाय, आनि मी कोनच्या तोंडानं अडवू? पर वाईट म्हनून न्हाय जाऊ द्यायचं. घराला नाव पडलं की आमच्या दोघांच्या संसाराला पडलं."

मला तेव्हा कळलं की तिला घराच्या किमतीचं काही पडलेलं नाही. तिला कुणीतरी हे घर हसत घ्यायला हवं होतं.

"शेळगावची मानसं यायची हायती बाजारादिवशी," ती म्हणाली. "तू उभी ऱ्हा माझ्या दारात. शकूला पाळन्यात ठिव."

शकू माझी तान्ही लेक. मी साफ नाही म्हटलं. तुमच्या घरात मी मालकीण म्हणून उभी राहायची आणि तुम्ही कुठं जाणार? ती म्हणाली, "परसदारी, गोठ्यात." अगदी सहज म्हणाली. मी म्हटलं, "राहू दे ते घर न विकता. तुम्ही इथंच राहा."

"आनि मग?"

घर मधुकरचं. आज नाही तर उद्या विकणार. तिच्याकडं निदान काम तरी होतं.

ती मला शिकवायला लागली. पदर कसा, पाणी कुणाला आधी, दूध कधी चढवायचं. मी म्हटलं, "शकू मुलगी आहे. लोकांना पाळण्यात मुलगा लागतो."

"पाळन्यातलं पोर पोर असतं. इचारलं तर मुलगी हाय म्हन. आनि ही तुमची का म्हनून इचारलं तरी व्हय म्हन, तुझीच हाय की."

"आणि घर तुमचं का विचारलं तर?"

"शेजारी हाय म्हन. पर कुनी न्हाय इचारत ते." मग ठेंगण्या दाराकडं बोट करून म्हणाली, "हितं आधीच 'मान सांभाळा' म्हनायचं. टेंगूळ घेऊन गेलेलं गिऱ्हाईक परत येत न्हाय."

बाजारच्या दिवशी तिनं ते घर लावलं, त्याला तोड नाही. आजवर कित्येक घरं लावली असतील, पण स्वतःचं लावताना तिचे हात थांबत होते. नानाची टोपी तिनं खिळ्याला अडकवली, काढली, पुन्हा अडकवली. त्याच्या चपला पुसून दाराशी ठेवल्या, बाहेरच्या बाजूला तोंड करून, तो आत्ता बाजाराला निघणार असल्यासारख्या. उंबऱ्याला हळदकुंकू लावायची वेळ आली तेव्हा तिनं वाटी माझ्या हातात दिली. "तू लाव." स्वतः मागं सरकून उभी राहिली. मग माझ्या कपाळाचं कुंकू जरा पुसट झालं होतं ते बघितलं, हात पुढं केला, आणि तो हात तसाच मागं नेऊन पदराला पुसला. "आरशात बघून नीट कर," म्हणाली आणि परसदारी गेली.

शेळगावची माणसं आली. एक धिप्पाड बागाईतदार, टोमॅटो-वांग्यावर नुकताच वर आलेला. त्याची बायको, आणि त्याची म्हातारी आई. त्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती, म्हातारीच्या खांद्यावर अजून घोंगडं होतं आणि उन्हानं रापलेलं कपाळ कोरं. मुलगा आणि सून भिंती ठोकून बघत होते, त्यासाठी पुण्याहून आलेला मधुकर त्यांना कागदांचं सांगत होता. म्हातारी मात्र भिंती बघत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. मी पाणी दिलं, पाळण्याला झोका दिला. "मान सांभाळा," म्हटलं आणि पुढं होऊन ठेंगण्या दारातून आत शिरले. चौकट लागेल या भीतीनं मी चांगली कमरेत वाकले.

चुलीवरचं दूध वर आलं. सांगितल्याप्रमाणं मी हलले नाही. सून आत येईपर्यंत म्हातारीनंच घोंगड्याच्या टोकानं भांडं खाली घेतलं. मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "बाय, तू हितली न्हाईस."

"शेजारी आहे," म्हटलं.

"त्या दारात किती वाकायचं त्ये तुला ठावं न्हाय. तू लईच वाकलीस. घरची बाय एवढी वाकत न्हाय. कुठं हाय ती?"

मी परसदाराकडं बघितलं. दुसरं काय करणार होते? म्हातारी तशीच मागं गेली आणि मी तिच्या मागोमाग. गोठ्यात जुन्या दगडावर अक्का बसली होती. आम्हाला बघून उठली.

"तू का घरची?" म्हातारीनं विचारलं.

"व्हय."

"मग हितं का बसलीयास?"

"माझं कपाळ असं. घर बघायला आलेल्यास्नी बरं न्हाय वाटत."

म्हातारीनं डोईवरचा पदर मागं सारला. "माजं काय भरल्यालं हाय?" आणि ती त्याच दगडावर अक्काशेजारी टेकली. जरा दम खाल्ला. शेवग्याखाली कोंबड्या उकरत होत्या. मग तिनं विचारलं, आणि इतक्या साधेपणानं विचारलं की टाळायला जागाच नव्हती. "खरं सांग. लाभलं का घर तुला?"

मी अक्काकडं बघत राहिले. मनातल्या मनात म्हणत होते, नाही म्हणा. अक्का, एकदा नाही म्हणा. नवरा गेला, मूल गेलं, कोण तुम्हाला खोटं ठरवणार आहे? म्हातारी उठून जाईल, दुसरं कुणी येणार नाही, मधुकर कंटाळून पुण्याला जाईल, आणि तुम्ही राहाल. सगळं त्या एका शब्दावर होतं आणि ते तिलाही कळत होतं. तिनं घराकडं बघितलं. उघड्या दारातून आत खिळ्यावरची टोपी दिसत होती.

"लाभलं," अक्का म्हणाली. "लई लाभलं."

म्हातारीनं मान हलवली. "मग आमी घेतो."

तिथंच घर विकलं गेलं. आतमधे मुलगा अजून मधुकरशी घासाघीस करत होता, ती उगाच. म्हातारी मात्र मनानं मोठी होती. आत येऊन सगळ्यांदेखत म्हणाली, "परसदारी खोली काढू. ही बाय ऱ्हाऊ दे हितंच. माज्या नातवंडास्नी कोन हाय गावात?" माझा जीव सुपाएवढा झाला. अक्कानं मान वर केली आणि मधुकरकडं बघितलं. आशेनं बघितलं, मी बघितलंय ते. मधुकर कसनुसा हसला. "छे हो आजी. आम्ही असताना काकू परक्याच्या घरात? लोक आम्हाला काय म्हणतील?" तेही खरंच होतं. लोक म्हणालेच असते. अक्काची मान हळूहळू खाली गेली आणि ती पाळण्याचे दोर सोडायला लागली. म्हातारी म्हणाली, "त्यो ऱ्हाऊ दे." तशी तिनं सोडलेली गाठ पुन्हा बांधली.

नंतर मी तिच्यावर फार चिडले. म्हटलं, एक 'नाही' म्हणायला काय जात होतं तुमचं? ती भांडी बांधत होती. म्हणाली, "नाना ऐकत असता तर त्येला काय वाटलं असतं?" मी भांडी बांधू लागले.

ती निघाली त्या दिवशी मी शकूला कडेवर घेऊन स्टेशनवर गेले. दौंडची गाडी उभी होती. मधुकर सामान चढवत होता, काकू इथं पाय ठेवा, काकू दांडा धरा म्हणत होता, जपून, प्रेमानं. अक्कानं शकूच्या गालावरून हात फिरवला, मला म्हणाली, "म्हातारीला सांग, डाव्या दोराची गाठ बघून बांध म्हनावं." मग डब्याची पायरी चढली.

डब्याचं दार चांगलं उंच होतं. तिच्याहून उंच माणूस ताठ आत गेला असता. पण आत शिरताना अक्कानं मान कलती केली. जराशीच. त्या ठेंगण्या दारात करायची तेवढीच.